थोरलीचा पाट

सप्टेंबरची अकरा तारीख. साडीची किंमत एक हजार आठशे पंचाहत्तर रुपये. फॉलवालीने त्यातले दीड हजार रोख मोजले आणि बाकीचे नवमी झाल्यावर आणून देते म्हणाली. दुकानदाराने मान हलवली. पितृपक्ष म्हणजे कापडाच्या दुकानात माश्या मारायचे दिवस, आणि हे गिऱ्हाईक सव्वीस वर्षे जुने. दर वर्षी याच पंधरवड्यात यायचे, एकच साडी घ्यायचे, आणि ती साडी कधीच स्वतःसाठी नसायची.

साडी सवतीची होती. सवतीला जाऊन अठ्ठावीस वर्षे झाली होती.

नवरा हयात असताना जी बाई जाते, तिची तिथी पितृपक्षातल्या नवमीला करतात. एक सवाष्ण घरी बोलवायची. मुलाने तिचे पाय धुवायचे, कुंकू लावायचे, पाटावर बसवून जेवू घालायचे, साडी आणि बांगड्या द्यायच्या. तेवढ्या दुपारपुरती ती सवाष्ण म्हणजेच गेलेली बाई, असे मानायचे. चष्मेवाल्याच्या घरी हे नेमाने होत असे, आणि करणारी त्याची दुसरी बायको, म्हणजे ही फॉलवाली. स्वयंपाक तिचा, पाट मांडणे तिचे, साडीला फॉल लावणे तिचे. पाटावर बसणारी मात्र दुसरीच.

फॉलवाली हे नाव तिला गल्लीने दिलेले. साड्यांना फॉल लावणे, पिको करणे, पदराला गोंडे बांधणे हे तिचे काम, आणि त्या कामात तिचा हात धरणारे आसपास कोणी नव्हते. घराच्या पुढच्या खोलीत चष्म्याचे दुकान, मागे राहत्या दोन खोल्या, आणि त्यातल्या पहिल्या खोलीत खिडकीखाली तिचे मशीन. दुकानात काच घासायच्या यंत्राची घरघर, आत मशीनची खडखड. शेजारी चेष्टेने म्हणत की या घरातले भांडण कधी ऐकू येत नाही, कारण दोघांची यंत्रेच बोलत असतात.

तसे भांडण नव्हतेच. माणूस भला होता, आणि तीच मोठी अडचण होती. आवाज चढवत नसे, जेवणाला नावे ठेवत नसे, बाजारातून येताना तिच्यासाठी दोऱ्याची रिळे न सांगता आणत असे. बोट ठेवायला कुठे जागाच नाही. फक्त भिंतीवर थोरलीचा फोटो होता. पहिलीला घरात थोरली म्हणत. फोटोत थोरलीने चष्मा घातलेला होता आणि तो नाकावरून किंचित खाली घसरलेला होता. चष्मेवाल्याच्या बायकोचा चष्मा घसरलेला, आणि फोटो काढताना तो नीट करायचे कोणाला सुचले नाही. किंवा कोणाला तरी तो तसाच आवडत होता. या दुसऱ्या शक्यतेवर फॉलवालीने आयुष्यातला बराच वेळ घालवला होता.

थोरली या दुकानात नंबर काढायला आली होती आणि तिथेच लग्न जमले, ही हकिगत तिला सासूने लग्नानंतर आठवड्याभरात सांगितली. सासूचा हेतू वाईट नव्हता. पण तेव्हापासून दुकानातली ती उंच खुर्ची फॉलवालीच्या डोळ्यांत खुपू लागली. तिचे स्वतःचे डोळे इतके तीक्ष्ण, की काळोख्या दुपारीही काळ्या कापडावर काळ्या दोऱ्याचे टाके घालायची. चष्मेवाल्याला तिच्या डोळ्यांत बघायचे काही कारणच नव्हते. पंचेचाळिसाव्या वर्षी एकदाचा सुईच्या नेढ्यातून दोरा जाईना, तेव्हा तिला झालेला आनंद कोणाला सांगण्यासारखा नव्हता. चांगली साडी नेसून ती पुढे दुकानात गेली आणि त्या उंच खुर्चीत जाऊन बसली. चष्मेवाल्याने फ्रेमच्या पेटीतून मान वर केली आणि मुलाला हाक मारली, "अरे, आईचा नंबर काढ रे. मी एवढं गिऱ्हाईक सोडतो."

मुलाने नंबर अगदी बरोबर काढला. तक्रारीला तिथेही जागा नव्हती.

हा मुलगा थोरलीचा. फॉलवाली घरात आली तेव्हा तो चार वर्षांचा होता, आणि तिसऱ्या महिन्यात कोणी न शिकवता तो तिला आई म्हणू लागला. तिला स्वतःचे मूल झाले नाही आणि त्याची खंतही उरली नाही. त्याचे गोवर, त्याचे पाढे, त्याचे रुसवे सगळे तिच्या अंगाखांद्यावर झाले. वर्षाचे तीनशे चौसष्ट दिवस तो तिचा मुलगा होता. उरलेला दिवस नवमीचा.

पहिली नवमी तिला लख्ख आठवत होती. थोरलीची धाकटी बहीण, मुलाची मावशी, सवाष्ण म्हणून बसायला आली. तेच रुंद कपाळ, तीच हनुवटी, फक्त चष्मा नाही. आत आल्या आल्या मावशीने तिला आपादमस्तक न्याहाळले आणि सांगितले, "मी तुला ताई म्हणणार नाही हं. ताई एकच होती." त्यानंतरच्या सव्वीस वर्षांत मावशीने तिला "अगं" आणि "ऐक" या दोन हाकांवर भागवले. गुरुजींनी मुलाला आईचे नाव विचारले. मुलाने मान वळवून फॉलवालीकडे पाहिले. ती हातात पातेले घेऊन दारात उभी होती. मग चष्मेवाला वाकला, मुलाच्या कानात एक नाव सांगितले, आणि मुलाने ते मोठ्याने म्हटले.

पुढे पुढे कानात सांगायची गरज पडली नाही.

त्या दिवशी दुकान दुपारपर्यंत बंद असे. चष्मेवाला कोपऱ्यातल्या खुर्चीत बसून पाटाकडे बघत राही. तो मावशीकडे बघत नसे, एवढे फॉलवालीलाही कबूल होते. तो पाटाकडे बघत असे. पण पाटावर मावशी होती आणि मावशीच्या धडावर थोरलीचा चेहरा होता, मग माणसाने नजर ठेवायची तरी कुठे? फॉलवाली वाढत राही आणि तिच्या अंगाची लाहीलाही होत राही. मावशीही काही कमी नव्हती. आणखी एक वडा वाढ, थोडे मीठ दे, ताईला असं पातळ आवडायचं नाही, अशा तिच्या बारीकसारीक फर्माइशी चालत. फॉलवाली मूग गिळून वाढत असे.

साडीची तऱ्हा वेगळीच. दर वर्षी निघताना चष्मेवाला एवढेच म्हणे, "अंजिरी मिळते का बघ." थोरलीला अंजिरी रंग फार. फॉलवालीला कोणता रंग खुलतो हे त्याने सव्वीस वर्षांत एकदाही सांगितले नव्हते. आणि फॉलवाली दर वर्षी परत येऊन सांगे, "नाही मिळाली." दुकानदाराच्या फळीवर अंजिरीची चळत असायची. ती तिच्याकडे ढुंकूनही बघत नसे. थोरलीच्या चेहऱ्यावर थोरलीचा रंग चढू द्यायला ती काही वेडी नव्हती. मावशी बुटकी आणि भरलेली, म्हणून हिने मोठ्या चौकटीची साडी घ्यावी, एका वर्षी तर वीतभर काठांची. मावशी त्यातही रुबाबदार दिसे.

शिवाय फॉलवालीने आपल्या हत्याराने सूड घेतला. फॉलचे कापड लावण्याआधी रात्रभर पाण्यात भिजवावे लागते, वाळवून इस्त्री करावी लागते. कोरा फॉल तसाच लावला, तर पहिल्या धुण्यात तो आटतो आणि साडीचा खालचा काठ चुण्या पडून वर ओढला जातो. नेसणारी निऱ्या कितीही सारख्या करो, घोट्यापाशी साडी फेंगडी ती फेंगडीच. हे कोणत्याही शिकाऊ मुलीला ठाऊक असते. गल्लीतल्या शेकडो साड्यांना फॉलवालीने कधी कोरा फॉल लावला नाही. थोरलीच्या साडीला पहिल्या वर्षापासून लावला. टाके मात्र देखणे, एकसारखे, बारीक. वरून बघणाऱ्याला शंका येऊ नये. मावशी काही बोलली नाही, त्यामुळे आपला नेम लागला की चुकला हे तिला कळले नाही. तरी ते टाके घालताना दर वर्षी तिला बरे वाटायचे.

चार वर्षांपूर्वी, नवमीचे आवरल्यावर, गुरुजी पिशवी भरत असताना तिने सहज विचारल्यासारखे करून विचारले, की हे किती वर्षे करायचे असते. बावीस वर्षे गिळलेला प्रश्न होता तो. गुरुजींनी पंचांग पिशवीत सरकवले.

"यजमान आहेत तोवर," ते म्हणाले. "नवऱ्याच्या आधी गेलेल्या बाईची ही तिथी. तुमच्या घराण्यात यजमान गेले की नवमी बंद होते. मग यजमानांच्या तिथीला दोघांचं एकत्रच."

"आणि मी?"

गुरुजी हसले. "तुम्ही ठणठणीत आहात, वहिनी."

त्या रात्री तिला झोप आली नाही. बावीस वर्षे आपण जे मागत होतो ते काय होते, हे तिला आता कळले होते. आणि त्याच्या पाठोपाठ दुसरे: तिथेही ती दोघं एकत्रच. म्हणजे थोरलीने तिकडे आधी जाऊन जागा धरून ठेवली होती. धसका आणि जळफळाट असे दोन्ही एकाच छातीत घेऊन ती पहाटेपर्यंत छताकडे बघत पडली.

दीड महिन्याने चष्मेवाला दुकानातल्या स्टुलावरून खाली बसला तो उठेना. हृदयाच्या रक्तवाहिनीत नळी घालावी लागली. चष्मेवाल्याला बोभाटा नको होता. गिऱ्हाइकांना, नातेवाइकांना सगळ्यांना साधी तपासणी म्हणून सांगितले. पुढल्या नवमीला फॉलवालीने फॉल एकदा नाही, दोनदा भिजवला. नवमी होते आहे याचा अर्थ नवरा आहे. आता ती आठ दिवस आधीपासून पाट घासू लागली, गुरुजींना दोनदा आठवण करू लागली. मत्सर गेला होता असे कोणी समजू नये. उलट वाढला होता. नवऱ्याचा श्वाससुद्धा या बाईच्या नावावर मांडलेला, हे तिला आणखीच झोंबत होते. अंजिरी साडी तिने तेव्हाही आणली नाही. फॉलपुरते ती नमली, रंगापुरती नाही.

आणि यंदा एप्रिलमध्ये मावशीचे यजमान गेले.

मावशी आता सवाष्ण राहिली नव्हती. पाटावर बसणार नव्हती. यंदा तिथे कोणीतरी परकी बाई बसेल, जिच्या चेहऱ्यात कोणाचा चेहरा नाही, हा हिशेब फॉलवालीच्या मनाने इतक्या चटकन केला की तिची तिलाच लाज वाटली. आणि म्हणूनच, अकरा तारखेला दुकानदाराने फळीवरून चळत काढली, तेव्हा तिने पहिल्यांदा अंजिरीवर हात ठेवला. ती द्यायला आता हरकत नव्हती.

संध्याकाळी चष्मेवाल्याने साडी पाहिली. दुकानातली बोटे होती, काचेवर डाग पडू नये म्हणून कडेनेच धरणारी. त्याने काठाची कड दोन बोटांत धरली.

"मिळाली यंदा," तो म्हणाला.

"मिळाली."

त्याने कड सोडली. मग म्हणाला, "पण बसवणार कोणाला? मावशींचं असं झालं. अगं, आता पुरे. यंदापासून राहू दे. गुरुजींना शिधा देऊ नि मोकळे होऊ."

हे वाक्य ऐकायला तिने सव्वीस वर्षे काढली होती. ती बादलीत फॉल भिजवत होती.

"राहू दे कसं?" ती म्हणाली. "तुम्ही आहात ना अजून?"

"मी आहे म्हणजे?"

"काही नाही. चहा घ्या."

दुसऱ्या दिवसापासून सवाष्णीचा शोध सुरू झाला आणि तो नवरी शोधण्याइतका अवघड निघाला. औषधवाल्याची बायको तयार होती, पण ती कोणत्याही गोष्टीला खिदळते. वरच्या मजल्यावरच्या शिक्षिकेचे नाव मुलाने सुचवले. ती शांत, सालस. फॉलवालीने तिला डोळ्यांसमोर अंजिरी साडी नेसवून पाहिली, कोपऱ्यातल्या खुर्चीत नवरा बसवून पाहिला, आणि तिची शाळा असते म्हणून सांगून टाकले. त्यांची शाळा बाराला सुटते ना, असे मुलगा विचारू लागला तेव्हा तिने त्याला दूध आणायला पिटाळले. वाण्याची आई फार म्हातारी, वाण्याची सून फार तरणी. गुरुजी म्हणाले की कोणीच नसेल तर पाटावर दर्भाचा चट, म्हणजे गवताची बांधलेली जुडी ठेवू, तेही चालते. ते तिला मुळीच पसंत पडले नाही. दुसरीने थोरलीला शेवटी गवतावर आणले, असे गल्ली म्हणाली असती. आणि ते खरेही ठरले असते.

राहता राहिली मावशीची सून. तेरा तारखेला फॉलवाली बसने मावशीकडे गेली. यजमान गेल्यावर दहाव्याला भेटली तेवढीच, त्यानंतर प्रथमच. तिसरा मजला, अरुंद जिना, दाराशी पुरुषाच्या चपला अजून तशाच ठेवलेल्या. मावशीने पाणी दिले. सुनेची बदली परगावी झाली होती. ती येणे शक्य नव्हते. बोलणे संपले. फॉलवालीने जायला पिशवी उचलली, तेव्हा मावशी म्हणाली, "अगं, ऐक. थांब जरा," आणि तिने लोखंडी कपाट उघडले.

खालच्या दोन खणांत साड्या होत्या. चौकटीची होती, वीतभर काठांची होती. सगळ्या घडीवर. फॉलवालीने मोजल्या नाहीत, पण तिला कळले की सगळ्या तिथे आहेत.

"पहिल्या वर्षीची मी धुतली," मावशी म्हणाली. "खालून चुण्या चुण्या. म्हटलं, कापड वाईट असेल. दुसऱ्या वर्षीची धुतली, तीही तशीच. मग फॉल उसवून पाहिला. मला तुझ्याएवढं येत नाही, पण कोरं कापड कळतं मला. भावोजी सांगायचे, हिच्यासारखं काम चार गावांत नाही. मग माझ्याच साडीला असं का होतं?"

फॉलवालीने कपाटाच्या कडीकडे बघत विचारले, "हे असं सांगायचे?"

"काय?"

"चार गावांत नाही म्हणून."

मावशी तिच्याकडे बघत राहिली. "इतकं सगळं बोलले मी, त्यातलं तुला तेवढंच ऐकू आलं." मग तिने खणातून वरच्या तीन साड्या बाहेर काढल्या आणि एकीचा काठ उलटा करून दाखवला. "या तिन्हींचा फॉल भिजवलेला. पहिल्यांदा असा आला तेव्हा मी आमच्या ह्यांना म्हटलं, भावोजींचं काहीतरी मोठं दुखणं आहे आणि हे लोक लपवतायत. ती उगाच फॉल भिजवायची नाही."

फॉलवाली खाली बसली. तपासणी म्हणून साऱ्या जगाला गप्प केले होते, आणि या बाईने ते काठ उलटून वाचले होते. मग गुरुजींनी चार वर्षांपूर्वी सांगितलेले तिने मावशीला सांगितले. नवऱ्यालाही सांगितले नव्हते ते.

"मग तूच बस," मावशी म्हणाली.

"मी?"

"सवाष्ण आहेस ना? दुसरी मिळत नाही, तुला पटतही नाही. वाढायला मी येते."

"घरातलीच कशी चालेल? गुरुजी काय म्हणतील?"

"गुरुजींचं मी बघते." मावशीने साड्या परत खणात ठेवल्या. तिची पाठ फॉलवालीकडे होती. "मला आवडायचं त्या पाटावर. सव्वीस वर्षं त्या दुपारी मी ताई असायचे. सगळे माझ्याकडे ताई म्हणून बघायचे. आता तू बस नि मी वाढते. माझ्याही पोटात दुखू दे थोडं."

गुरुजींनी आढेवेढे घेतले आणि अडल्या वेळी चालते म्हणून मान्य केले. चष्मेवाल्याला ते बरे वाटले नाही. जिवंत बाईने मेलेलीच्या जागी बसायचे म्हणजे काय, असे तो दोनदा म्हणाला. फॉलवाली त्याला म्हणाली की मी आधी गेले तर माझ्या जागी दुसरीच कोणी बसेल, आणि तुम्ही आधी गेलात तर कोणीच बसायचे नाही. माझ्या वाट्याला पाट यायचा तो एवढाच.

नवमी पंधरा तारखेला, सोमवारी होती. मावशी सकाळी सातला आली आणि स्वयंपाकघरात शिरली. फॉलवालीला तिने चुलीजवळ फिरकू दिले नाही. कोणत्या डब्यात काय आहे तेही न विचारता तिने स्वयंपाक केला, आणि ते बघून फॉलवालीच्या ध्यानात आले: डब्यांच्या जागा थोरलीने लावलेल्या होत्या आणि सव्वीस वर्षांत आपण त्या बदलल्या नाहीत.

ती अंजिरी साडी नेसून पाटावर बसली. फॉल दोनदा भिजवलेला, निऱ्या घोट्यापाशी सरळ पडल्या. कोपऱ्यातल्या खुर्चीत चष्मेवाला. मुलगा तांब्या-घंगाळ घेऊन समोर बसला.

"आई, पाय जरा पुढे घे," तो म्हणाला. तिचे पाय त्याने धुतले, पुसले, कपाळाला कुंकू लावले. तीस वर्षांचा बाप्या, पण कुंकू लावताना जीभ दातांत धरली होती, पाढे लिहिताना धरायचा तशी.

"आता आईचं नाव सांगा," गुरुजी म्हणाले.

मुलाने मान वर करून तिच्याकडे पाहिले. चार वर्षांचा असताना पाहिले होते तसेच. या वेळी ती दारात नव्हती, समोर होती, हातभर अंतरावर, आणि त्या क्षणी तिने मनात जे मागितले ते अगदी मूर्खपणाचे होते हे तिला पक्के ठाऊक होते. मुलाने थोरलीचे नाव सांगितले. स्पष्ट, न अडखळता. ते बरोबरच होते. तिला तर जिवंतपणी आपले नाव तिथे नकोच असायला हवे. तरी तिने दोन घोट पाणी पिऊन घेतले.

मावशीने वाढायला घेतले. खिरीची वाटी भरली, पुन्हा भरली. "ताई, सावकाश जेव," ती म्हणाली. मग, "ताई, आणखी थोडं?"

सव्वीस वर्षांत न निघालेली हाक ती. फॉलवालीने वर पाहिले. मावशी पानाकडे बघत होती, तिच्याकडे नव्हे. हाक पाटाला होती.

जेवण अर्धे झाले असेल. घामाने फॉलवालीचा चष्मा नाकावरून खाली आला. उजवा हात खरकटा, डाव्याने पानाशी चष्मा सारखा करायचा म्हणजे बरे दिसेना. ती तशीच जेवत राहिली. तेव्हा खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. चष्मेवाला उठला, सावकाश पाटापाशी आला, एक हात गुडघ्यावर टेकवून वाकला, आणि दुसऱ्या हाताच्या दोन बोटांनी कडेला धरून तिचा चष्मा वर सारला. मग कानामागे काडी दाबून बसवली. दुकानात नवा चष्मा देताना तो हे रोज दहा जणांना करायचा. तिला त्याने कधी केले नव्हते.

"आता दिसतंय नीट?" त्याने विचारले. हेही तो दुकानात विचारायचा. पण आवाज दुकानातला नव्हता.

"दिसतंय," ती म्हणाली.

तो तसाच वाकून दोन क्षण बघत राहिला. तिच्या अंगावर अंजिरी होती, नाकावर चष्मा होता, आणि ती ज्या पाटावर बसली होती तो तिचा नव्हता. विचारले असते तर त्याने खरे सांगितले असते. त्याला खोटे बोलता येत नसे. तिने विचारले नाही. त्याच्या खांद्यावरून तिला भिंतीवरचा फोटो दिसत होता. तिथला चष्मा अठ्ठावीस वर्षे घसरलेला तसाच होता. त्याला कोणी हात लावला नव्हता. याचा आनंद मानायचा की याचीही आग करून घ्यायची, हे तिला ठरवता येईना, आणि ठरवता येईना म्हणून तिने आणखी एक वडा मागितला.

दुपारी मावशी निघाली. रिवाजाप्रमाणे पाटावरच्या सवाष्णीने साडी आपल्या घरी न्यायची असते. फॉलवालीचे घर हेच. तिने संध्याकाळी साडी बदलली, घडी घातली, आणि ती कोणत्या कपाटात ठेवायची यावर थोडा वेळ उभी राहिली. थोरलीची म्हणून ठेवायची, तर थोरलीच्या साऱ्या मावशीकडे होत्या. स्वतःची म्हणावी तर ती तिला कोणी दिली होती आणि कोण समजून, हे कळल्याशिवाय म्हणता येत नव्हते. शेवटी ती मशीनच्या फळीवर, फॉलसाठी आलेल्या गिऱ्हाइकांच्या साड्यांच्या चळतीवर ठेवली गेली, आणि अजून तिथेच आहे.

चष्मेवाला पुढे दुकानात बसतो. यंत्राची घरघर थोडी थांबली, की आत मशीनची खडखडही थांबते, आणि घरघर पुन्हा सुरू होईपर्यंत सुरू होत नाही. कापडाच्या दुकानावरून फॉलवाली आठवड्यातून दोनदा जाते. नवमी होऊन गेली. साडी कोणाची ते ठरलेले नाही, आणि तिचे तीनशे पंचाहत्तर रुपये अजून द्यायचे आहेत.